प्रश्न एकतिसावा

जिम्मात वीज गेली की खोली क्रमांक चौदा
आपोआप शून्य होते.
मग मोबाइलचा दिवा उताणा लावायचा,
वर पाण्याची बाटली ठेवायची,
उजेड चार पलंगांना पुरतो.
ओब्सितू म्हणते, बघ, ऑर गेट:
वीज किंवा बाटली, अभ्यास चालू.

एक्झिट परीक्षेला अकरा दिवस.
झेरॉक्सचा गठ्ठा कुणाकुणाच्या हातून आलेला,
समासात आधीच्या तीन तुकड्यांच्या चुका,
तीन वेगळ्या शायांत.
तिला फुल ॲडर आवडतो, हातचा विसरत नाही म्हणून.
हाफ ॲडर म्हणजे आमचे काका, म्हणते,
मागचं काही धरतच नाहीत.

मला के-मॅप जमत नाही.
शून्य शून्य, शून्य एक, एक एक, आणि मग एक शून्य,
हा उलटा क्रम का, मी चौथ्यांदा विचारलं.
"शेजारी जाताना एकच गोष्ट बदलायची असते.
आणि डावी कड उजवीला चिकटलेली असते.
कागद गुंडाळून बघ."
मी गुंडाळला.
तिने तो माझ्या हातून घेतला,
बराच वेळ त्या नळीतून बघत राहिली.
"असा नकाशा असता, तर जिम्मा आणि जेद्दा
खेटून आले असते."

प्रश्न एकतिसावा, एक गुण.
दोन तक्ते, विद्यार्थी आणि पालक.
पालकाची ओळ पुसली तर
तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या फॉरिन कीचं काय?
अ, तीही ओळ जाईल.
ब, रकाना नल होईल.
क, पुसूच दिली जाणार नाही.

आमच्याकडे आडनाव नसतं.
ओब्सितूपुढे कदीर, कदीरपुढे अब्बामिल्की,
प्रत्येक नाव मागच्या ओळीला धरून उभं.
कदीर चार वर्षांपूर्वी गेला.
आधी जिबुती, मग होडी,
शेवटचा फोन जेद्दाहून,
की जेद्दाच्या वाटेवरून, नक्की नाही.
पुढे काही नाही.

काही नाही म्हणजे शून्य नव्हे,
हे आम्हाला दुसऱ्या वर्षालाच शिकवलंय.
नल बरोबर नल का, असं विचारलं
तर उत्तर हो येत नाही,
नाहीसुद्धा येत नाही.
तिची आई त्याच्यासाठी कॉफी ओतत नाही,
पण काठाचा टवका उडालेली त्याची सिनी
पाहुण्यालाही देत नाही.

काकांकडे मात्र के-मॅपमधली ती फुली आहे,
सोयीने एक धरा, सोयीने शून्य.
कॉफीची झाडं वाटताना कदीर शून्य.
सोसायटीचं कर्ज आलं तेव्हा कदीर एक,
येईल, फेडेल.
फुली धरली की गट मोठा होतो, समीकरण लहान,
गुण पूर्ण मिळतात.

परीक्षेच्या फॉर्मने माझा जन्मच नाकारला होता:
पागुमेची पाच, महिना तेरावा.
यंत्र म्हणालं, एक ते बारा.
मी सप्टेंबरची दहा टाकून मोकळी झाले.
तिच्या फॉर्मवर होतं, वडील हयात? हो, नाही.
शेजारी लाल चांदणी, कोरं सोडता येईना.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मग काय टाकू?
ओब्सितू म्हणाली, तिसरं नाही का काही?
मागे सात जण उभे होते.
बाईंनीच काहीतरी दाबलं.
काय, ते तिने विचारलं नाही.

वीज आली. बाटली पुन्हा नुसती बाटली.
मागच्या उत्तरसूचीत एकतीसपुढे
कागद झिजून भोक पडलंय.
मी म्हटलं, सोड, एक तर गुण.
तिने क भोवती गोल काढला,
पेन इतकं दाबून की खालच्या पानावर उमटला.

बत्तिसावा फ्लिप-फ्लॉपचा होता.
दोन्ही इनपुट शून्य, तर आउटपुट काय?
"आधी जे होतं तेच," म्हणाली,
आणि पान उलटलं.